दोनशे बारानंतर

नेरूळच्या वाचनालयातली प्रत.
दोनशे बाराव्या पानावर बाई दाराशी येते,
कडीवर हात ठेवते,
आणि पुढे थेट पुठ्ठा.
वाळक्या गोंदाचा पिवळा ओघळ,
फाटलेल्या पानाचा बोटभर दातेरी काठ,
त्यावर उरलेली तीन ओळींची पहिली अक्षरं :
क. ती. न.

चौघांनी ती एकामागून एक नेली,
तारखांच्या चिठ्ठीवर चौघांची नावं
एकाखाली एक, जिन्यातल्या मीटरांसारखी.
ओळख झाली ती अशी.
'न' म्हणजे नाही की नंतर,
यावर पाच रविवार गेले
होल्डिंग पाँडच्या कठड्यावर, कटिंग चहात.

अंकुश भोईर म्हणतो, तिनं दार उघडलं नाही.
मसाला मार्केटात दिवसभर पोती मोजतो तो,
त्याच्याकडून आलेल्या पुस्तकाला लाल मिरचीचा वास.
त्यामुळे डोळ्यांत पाणी नेमकं कशानं आलं
हे आम्हाला कधीच खात्रीनं सांगता आलं नाही.

शिरीन मुकादम आधी शेवट वाचते. नेहमीच.
"रिक्षा कुठं जाते ते विचारूनच बसतो ना आपण?"
या पुस्तकानं तिला पहिल्यांदा फसवलं,
तो राग अजून उतरलेला नाही.
तिच्या मते बाई कडीवर हात ठेवून
अजून तशीच उभी आहे,
आपण इथं चहा फुंकतोय तरी.

तेंडोलकर सर भूमापन खात्यातून निवृत्त.
त्यांनी खोलीचा नकाशाच काढून आणला.
दार आत उघडणारं, पुरावा पान चौऱ्याण्णव,
म्हणजे बाईला आधी एक पाऊल मागे यावं लागणार.
"आणि मागे आलं की माणूस विचार बदलतो."
नकाशाची घडी घालून खिशात ठेवली.
त्यांच्या घरात कोण मागे आलं होतं,
कोण नव्हतं,
आम्ही विचारलं नाही.

मी औषधाच्या दुकानात वाचते, गिऱ्हाइकांच्या मधल्या फटीत.
खूण म्हणून गोळ्यांची रिकामी पट्टी.
डॉक्टरांचं अक्षर लावून लावून
मला एका अक्षरावरून अख्खं वाक्य कळतं,
असं मी म्हणायचे. मोठ्यानं.

गेल्या महिन्यात तुर्भ्याच्या रद्दीवाल्याकडे
तराजूच्या पारड्यात, नववीच्या भूगोलाखाली,
ती दिसली.
आधी मागचं पान चाचपलं मी,
टोमॅटो दाबून बघतात तसं.
होतं.

दुपारी काउंटरवर वाचलं. एकच पान, दोन बाजू.
शुगरच्या गोळ्या मागणारे काका ताटकळत उभे राहिले,
मग स्वतःच म्हणाले, होऊ दे तुमचं.

काय आहे ते सांगणार नाही.
अंकुश चुकला. सरांचं पाऊल बरोबर, बाकी चूक.
'न' म्हणजे नाही नव्हतं, नंतरही नव्हतं,
इतका साधा शब्द होता की मला लाज वाटली.
आणि खरं सांगू? आमच्या पाचही रविवारांपुढे
ते पान जरा अशक्तच वाटलं.

या रविवारी पुस्तक पिशवीत, वर कोथिंबिरीची जुडी.
अंकुश आज पहिल्यांदाच म्हणाला,
"समजा, उघडलं असेल तिनं, तर?"
सरांनी खिशाला हात घातला.
आणि मीच भांडायला उठले,
छे, शक्यच नाही, कशी उघडेल,
सगळं ठाऊक असून,
आवाज चढवून,
शेजारच्या बाकावरचं पोर रडायला लागेपर्यंत.

शिरीन काहीच बोलली नाही.
तिनं पिशवीकडे पाहिलं,
कोथिंबिरीखालून दिसणारा पुठ्ठ्याचा कोपरा,
मग माझ्याकडे.
शेवट आधी वाचणारी बाई ती.
"संपला का चहा?" विचारलं,
आणि जुडी जरा सरकवून
तो कोपरा झाकून टाकला.